वायली पोस्ट

वायली हार्डेमन पोस्ट (२२ नोव्हेंबर, इ.स. १८९८ - १५ ऑगस्ट, इ.स. १९३५) हे अमेरिकन वैमानिक होते. विमानातून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारे ते जगातील पहिले वैमानिक होत. अतिउंचीवरील उड्डाणासाठी हवेचा दाब राखणारा पोशाख विकसित करून तो प्रत्यक्ष उड्डाणात यशस्वीपणे वापरण्याचे श्रेयही त्यांच्याकडे जाते. लहानपणापासून शिक्षणाची बाजू तोकडी, तरुणपणी तुरुंगवास आणि पुढे एका डोळ्याचे अंधत्व अशा प्रतिकूलतेतून त्यांनी हे यश मिळवले. अलास्काच्या उत्तर टोकाजवळील एका निर्जन खाजणातून उड्डाण करताना त्यांचे विमान कोसळले. त्या अपघातात त्यांचा व त्यांचे सहप्रवासी, विख्यात विनोदकार व अभिनेते विल रॉजर्स यांचा मृत्यू झाला.

जन्म व बालपण

पोस्ट यांचा जन्म अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ग्रँड सलाइन या गावाजवळ एका शेतकरी कुटुंबात झाला. कापूस हे घरचे मुख्य पीक होते. वायली लहान असतानाच हे कुटुंब शेजारच्या ओक्लाहोमात स्थलांतरित झाले. शाळेत त्यांचे मन रमले नाही. प्राथमिक इयत्तांपलीकडे त्यांचे शिक्षण गेले नाही. यंत्रांची मात्र त्यांना उपजत समज होती. शेतीची अवजारे व शिवणयंत्रे दुरुस्त करून देण्यात त्यांचा वेळ जाई.

इ.स. १९१३ मध्ये लॉटन येथील जत्रेत त्यांनी आयुष्यात प्रथमच विमान पाहिले. राइट बंधूंच्या पहिल्या उड्डाणाला तेव्हा जेमतेम दहा वर्षे झाली होती आणि ग्रामीण भागात विमान हे नवलच होते. त्या दिवशी त्यांच्या मनाने घेतलेली ओढ पुढे कधीच सुटली नाही. त्यानंतर कॅन्सस सिटी येथील मोटार व विमानविद्येच्या एका शाळेत त्यांनी काही महिने प्रशिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस लष्करी विद्यार्थी दलात त्यांनी बिनतारी संदेशयंत्रणेचे शिक्षण घेतले. परंतु ते पूर्ण होते न होते तोच युद्ध संपले आणि वैमानिक होण्याची ती वाट बंद झाली.

तुरुंगवास व एका डोळ्याचे अंधत्व

युद्धानंतर पोस्ट ओक्लाहोमातील तेलविहिरींवर मजुरी करू लागले. या काळात त्यांचे पाऊल वाकडे पडले. रस्त्यावरील वाहने अडवून लुटल्याच्या गुन्ह्यात इ.स. १९२१ मध्ये त्यांना दहा वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. सुमारे वर्षभराच्या कारावासानंतर, इ.स. १९२२ मध्ये, त्यांची पॅरोलवर मुक्तता करण्यात आली. हा प्रसंग त्यांच्या हयातीत फारसा चर्चिला गेला नाही. नंतरच्या चरित्रकारांनी मात्र कागदपत्रांच्या आधारे त्याची नोंद घेतली आहे.

इ.स. १९२४ मध्ये गावोगाव फिरून विमानांच्या कसरती दाखवणाऱ्या एका मंडळीत ते दाखल झाले. मंडळीतील हवाई छत्रीने उडी मारणारा कसरतपटू जखमी झाला होता. त्याच्या जागी उडी मारण्याची तयारी पोस्ट यांनी दाखवली. त्यापूर्वी त्यांनी अशी उडी कधीही मारलेली नव्हती. पुढील दोन वर्षांत त्यांनी अशा अनेक उड्या मारल्या आणि त्याचबरोबर विमान चालवण्याचे धडेही घेतले.

स्वतःचे विमान घेण्याइतका पैसा साठवण्यासाठी ते पुन्हा तेलविहिरींवर गेले. ऑक्टोबर इ.स. १९२६ मध्ये तेथे काम करताना लोखंडाचा एक कण उडून त्यांच्या डाव्या डोळ्यात घुसला. डोळ्यात जंतुसंसर्ग झाला आणि उजवा डोळा वाचवण्यासाठी डावा डोळा काढून टाकावा लागला. वैमानिक होऊ पाहणाऱ्या माणसावर याहून मोठा आघात होणे कठीण. दोन डोळ्यांनी पाहताना अंतराचा जो सहज अंदाज येतो, तो एका डोळ्याने येत नाही. विमान जमिनीवर उतरवताना तर हाच अंदाज सर्वांत महत्त्वाचा असतो.

पोस्ट यांनी या उणिवेवर चिकाटीने मात केली. दूरचे झाड किंवा खांब नजरेने हेरून त्याचे अंतर मनाशी ठरवायचे आणि मग पावले टाकत ते मोजून पाहायचे, असा सराव त्यांनी अनेक आठवडे केला. अपघाताची नुकसानभरपाई म्हणून सुमारे १,८०० डॉलर मिळाले, त्यातून त्यांनी एक जुने, मोडके विमान विकत घेऊन दुरुस्त केले. ज्या अपघाताने त्यांची उमेद संपुष्टात येऊ शकली असती, त्याच अपघाताच्या पैशांतून ते विमानाचे मालक झाले. डाव्या डोळ्यावरील पट्टी ही पुढे त्यांची ओळखच बनली. इ.स. १९२७ मध्ये मे लेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

विनी मे विमान

इ.स. १९२८ च्या सुमारास एफ. सी. हॉल या तेलव्यावसायिकाने पोस्ट यांना आपला खासगी वैमानिक म्हणून नेमले. हॉल यांनी लॉकहीड कंपनीचे व्हेगा जातीचे विमान खरेदी केले व त्याला आपल्या मुलीच्या नावावरून विनी मे असे नाव दिले. आर्थिक अडचणींमुळे हे पहिले विमान त्यांना परत विकावे लागले. या काळात पोस्ट यांनी लॉकहीड कंपनीतच नोकरी केली. इ.स. १९३० मध्ये हॉल यांनी नवे व्हेगा विमान घेतले, त्यालाही तेच नाव दिले आणि पोस्ट यांना पुन्हा बोलावून घेतले.

व्हेगा हे लाकडी बांधणीचे, एका इंजिनाचे व वरच्या बाजूस पंख असलेले विमान होते. त्या काळातील वेगवान विमानांत त्याची गणना होई. अमेलिया एअरहार्ट यांनी इ.स. १९३२ मध्ये याच जातीच्या विमानातून एकटीने अटलांटिक महासागर ओलांडला. ऑगस्ट इ.स. १९३० मध्ये लॉस एंजेलिस ते शिकागो ही विमानशर्यत पोस्ट यांनी विनी मे मधून जिंकली व त्यांचे नाव देशभर झाले.

पहिली पृथ्वीप्रदक्षिणा (१९३१)

पृथ्वीप्रदक्षिणेचा तेव्हाचा विक्रम ग्राफ झेपेलिन या जर्मन हवाई जहाजाच्या नावावर होता. इ.स. १९२९ मध्ये त्याने सुमारे २१ दिवसांत ही फेरी पूर्ण केली होती. विमानाने हा काळ निम्म्याहून कमी करता येईल, अशी पोस्ट यांची खात्री होती. मार्गनिर्देशक म्हणून त्यांनी हॅरॉल्ड गॅटी यांची निवड केली. टास्मानियात जन्मलेले गॅटी हे ग्रहताऱ्यांच्या साहाय्याने दिशा ठरवण्याच्या विद्येतील नामांकित तज्ज्ञ होते. विमानात ते इंधनाच्या टाक्यांच्या मागे बसत. वजनाचा तोल राखण्यासाठी त्यांचे आसन पुढेमागे सरकवता येईल, अशी योजना पोस्ट यांनी केली होती.

२३ जून, इ.स. १९३१ रोजी न्यू यॉर्कजवळील रूझवेल्ट फील्ड येथून दोघांनी प्रस्थान केले. न्यूफाउंडलंड, इंग्लंड, जर्मनी, मॉस्को, नोवोसिबिर्स्क, इर्कुत्स्क व खाबारोव्स्क असा त्यांचा मार्ग होता. ब्लागोव्हेश्चेन्स्क येथील धावपट्टी पावसाने चिखलमय झाली होती. तेथे विमान रुतून बसले व ते बाहेर काढण्यात बराच वेळ गेला.

अलास्कातील सॉलोमन येथे तर मोहीमच धोक्यात आली. तेथील वाळूच्या किनाऱ्यावर इंधन भरून पुन्हा निघताना विमानाची चाके वाळूत रुतली, शेपूट वर उचलली गेली आणि पुढच्या पंख्याची टोके जमिनीवर आपटून वाकली. जवळपास कोणतीही कार्यशाळा नव्हती. पोस्ट यांनी हातोडा व दगड यांच्या साहाय्याने ती टोके ठोकून सरळ केली. इंजिन सुरू करताना पंख्याचे पाते उलट फिरून गॅटी यांना लागले, मात्र दुखापत गंभीर नव्हती. कॅनडातील एडमंटन येथे विमानतळ चिखलाने भरल्यामुळे त्यांनी शहरातील सरळ रस्त्यावरूनच उड्डाण केले.

१ जुलै रोजी ते न्यू यॉर्कला परतले. सुमारे २४,९०० किलोमीटरचा हा प्रवास त्यांनी ८ दिवस, १५ तास व ५१ मिनिटांत पूर्ण केला. न्यू यॉर्कमध्ये त्यांची भव्य मिरवणूक निघाली व अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना व्हाइट हाउसमध्ये निमंत्रित केले. या प्रवासावर दोघांनी पुस्तक लिहिले व त्याला विल रॉजर्स यांनी प्रस्तावना लिहिली. यानंतर विनी मे विमान पोस्ट यांच्या मालकीचे झाले.

एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा (१९३३)

पहिल्या मोहिमेचे यश प्रामुख्याने गॅटी यांच्या ज्ञानाचे आहे, असा सूर काही ठिकाणी उमटला. अल्पशिक्षित पोस्ट यांना तो लागला असावा. तीच फेरी एकट्याने करण्याचे त्यांनी ठरवले. माणसाऐवजी या वेळी दोन यंत्रे त्यांच्या सोबतीला होती. विमान आपोआप सरळ व समतल ठेवणारी स्पेरी कंपनीची ऑटोपायलट यंत्रणा हे पहिले, आणि रेडिओ केंद्राच्या लहरींवरून दिशा दाखवणारे उपकरण हे दुसरे. ही दोन्ही तंत्रे तेव्हा बाल्यावस्थेत होती.

१५ जुलै, इ.स. १९३३ रोजी ते न्यू यॉर्कच्या फ्लॉइड बेनेट फील्ड येथून निघाले आणि कोठेही न थांबता बर्लिनला पोहोचले. न्यू यॉर्क ते बर्लिन हे अंतर विनाथांबा कापण्याची ही पहिलीच वेळ होती. पुढे ऑटोपायलटमध्ये वारंवार बिघाड झाल्याने त्यांना अनपेक्षित थांबे घ्यावे लागले. अलास्कात ते वाट चुकले व अनेक तास भटकल्यावर फ्लॅट या खाणकामगारांच्या वस्तीजवळील आखूड धावपट्टीवर उतरले. पट्टी संपल्यावर विमान खड्ड्यात गेले, पंखा वाकला आणि एका चाकाचा आधार मोडला. अलास्कातील ख्यातनाम वैमानिक जो क्रॉसन यांनी फेअरबँक्सहून नवा पंखा आणून दिला. वस्तीतील लोकांच्या मदतीने विमान सरळ करून दुरुस्त करण्यात आले. तोवर पोस्ट यांनी थोडी झोप घेतली.

२२ जुलैच्या रात्री ते न्यू यॉर्कला उतरले, तेव्हा सुमारे ५०,००० लोक त्यांच्या स्वागतास जमले होते. या प्रवासास ७ दिवस, १८ तास व ४९ मिनिटे लागली. आधीच्या विक्रमापेक्षा हा वेळ २१ तासांनी कमी होता.

अतिउंचीवरील संशोधन

यानंतर पोस्ट यांचे लक्ष वातावरणाच्या वरच्या थरांकडे वळले. उंचावर हवा विरळ असल्याने विमानाला होणारा अडथळा कमी होतो आणि वेग वाढतो. परंतु तेथे माणसाला श्वास घेणे अशक्य होते. यावर विमानाची केबिन हवाबंद करून आत दाब राखणे हा एक उपाय असतो. विनी मे चे लाकडी अंग असा दाब सहन करणारे नव्हते. तेव्हा विमानाऐवजी वैमानिकाभोवतीच दाब राखावा, असा विचार पोस्ट यांनी केला.

बी. एफ. गुडरिच कंपनीचे अभियंता रसेल कॉली यांच्या सहकार्याने इ.स. १९३४ मध्ये असे तीन पोशाख तयार झाले. पहिला दाबाच्या चाचणीत निकामी झाला. दुसऱ्यात पोस्ट इतके घट्ट अडकले, की त्यांना बाहेर काढण्यासाठी तो कापावा लागला. तिसरा यशस्वी ठरला. त्याचा आतील थर रबराचा व बाहेरचा मजबूत कापडाचा होता. आत हवा भरल्यावर पोशाख ताठ होत असल्याने तो बसलेल्या स्थितीच्या आकारातच शिवला होता. डोक्यावर काचेची गोल खिडकी असलेले धातूचे शिरस्त्राण होते. सप्टेंबर इ.स. १९३४ मध्ये शिकागोवर या पोशाखात त्यांनी सुमारे ४०,००० फूट उंची गाठली. पुढील उड्डाणांत ते याहूनही वर गेले.

फेब्रुवारी इ.स. १९३५ मध्ये कॅलिफोर्नियाहून न्यू यॉर्ककडे निघालेल्या विमानाच्या इंजिनात बिघाड झाला व पोस्ट यांना म्युरॉक येथील कोरड्या तलावावर उतरावे लागले. इंजिनात कोणीतरी घासकामाची पूड टाकल्याचे तपासणीत आढळले. शिरस्त्राण काढण्यासाठी मदत मागायला ते जवळच्या एका मोटारचालकाकडे गेले, तेव्हा त्यांचा अवतार पाहून तो घाबरून गेला, अशी हकीकत सांगितली जाते.

१५ मार्च, इ.स. १९३५ रोजी त्यांनी बरबँक ते क्लीव्हलंड हे सुमारे ३,२७५ किलोमीटरचे अंतर ७ तास १९ मिनिटांत कापले. विमानाचा सरासरी वेग ताशी सुमारे ४५० किलोमीटर पडला. विनी मे च्या नेहमीच्या कमाल वेगापेक्षा तो कितीतरी अधिक होता. अतिउंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या प्रबळ वाऱ्यांची साथ मिळाल्याने हे घडले. या वाऱ्यांना आज जेट प्रवाह म्हणतात. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी इ.स. १९२० च्या दशकात फुग्यांच्या साहाय्याने त्यांची निरीक्षणे नोंदवली होती. विमानाने त्यांचा लाभ घेणाऱ्या आरंभीच्या वैमानिकांत पोस्ट यांचा समावेश होतो.

अलास्का मोहीम व अंतिम विमान

विनी मे आता जुने झाले होते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून अलास्कामार्गे रशियाला टपाल व प्रवासी नेणारा हवाई मार्ग शोधावा, अशी पोस्ट यांची नवी कल्पना होती. त्यासाठी त्यांच्याकडे नवे विमान घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी लॉकहीडच्याच दोन जुन्या विमानांचे भाग जोडून एक विमान तयार करवून घेतले. धड ओरायन जातीचे होते, तर पंख एक्सप्लोरर या अन्य जातीच्या विमानाचा व अधिक लांब होता. अशा जोडणीस लॉकहीडच्या अभियंत्यांचा विरोध होता. त्यामुळे हे काम दुसऱ्या कार्यशाळेत करण्यात आले. इंजिन मूळच्यापेक्षा शक्तिशाली व पंखा तीन पात्यांचा होता.

अलास्कात धावपट्ट्या थोड्या व तलाव-नद्या विपुल असल्याने सिअॅटलजवळ विमानाची चाके काढून पाण्यावर तरंगणारे फ्लोट बसवण्यात आले. मागवलेले फ्लोट वेळेवर न आल्याने मोठ्या विमानाचे फ्लोट वापरले गेले, असे बहुतेक चरित्रकार नमूद करतात. या सर्व बदलांमुळे विमान पुढच्या बाजूस जड झाले. इंजिन पूर्ण शक्तीने चालत असताना शेपटीवरून वाहणाऱ्या हवेच्या जोरावर विमानाचे नाक वर ठेवता येई. कमी वेगात इंजिन बंद पडल्यास मात्र ते सावरणे जवळजवळ अशक्य होते. पोस्ट यांना या दोषाची कल्पना होती. प्रवाशाला मागे बसवून ते शक्य तितका तोल साधत. स्वतःच्या कौशल्यावरील विश्वासाने आजवर त्यांना तारले होते आणि या वेळीही त्यांनी त्यावरच भिस्त ठेवली.

या मोहिमेत त्यांचे सहप्रवासी होते विल रॉजर्स (जन्म इ.स. १८७९). ओक्लाहोमात चेरोकी वंशाच्या कुटुंबात जन्मलेले रॉजर्स हे त्या वेळी अमेरिकेतील अत्यंत लोकप्रिय चित्रपट अभिनेते व वृत्तपत्रीय स्तंभलेखक होते. विमानप्रवासाचे ते उत्साही पुरस्कर्ते होते. अलास्कातील अनुभवांवर लिहिण्याचा त्यांचा मानस होता आणि प्रवासखर्चाचा भारही त्यांनी उचलला. ऑगस्ट इ.स. १९३५ च्या आरंभी दोघे सिअॅटलहून निघाले. जूनो, डॉसन, अक्लाविक असे मुक्काम करत ते फेअरबँक्सला पोहोचले.

अपघात व मृत्यू

१५ ऑगस्ट, इ.स. १९३५ रोजी त्यांनी फेअरबँक्सहून अलास्काच्या उत्तर टोकावरील पॉइंट बॅरो या वस्तीकडे जाण्याचे ठरवले. तेथे दीर्घकाळ वास्तव्य केलेले व्यापारी चार्ल्स ब्राउअर यांना भेटण्याची रॉजर्स यांची इच्छा होती. बॅरो परिसरात दाट धुके असल्याचे वृत्त होते, तरीही ते निघाले. उत्तर किनाऱ्यावर पोहोचल्यावर धुक्यामुळे त्यांना वस्ती सापडेना. अनेक तासांनी धुक्यातील एका फटीतून वालाक्पा येथील उथळ खाजण व त्याच्या काठावरील तंबू दिसले. पोस्ट यांनी विमान तेथे पाण्यावर उतरवले.

सीलच्या शिकारीसाठी आलेले एक इनुपियाट कुटुंब तेथे मुक्कामास होते. बॅरो तेथून ईशान्येस सुमारे २० किलोमीटरवर, म्हणजे विमानाने काही मिनिटांच्या अंतरावर होते. वाट विचारून दोघे पुन्हा विमानात बसले. विमान पाण्यावरून उचलले गेले, वळू लागले आणि त्याच वेळी इंजिन बंद पडले. विमान फार उंच गेलेले नव्हते. ते नाकावर खाली आले, पाण्यावर आदळले व उलटे झाले. पाणी जेमतेम काही फूट खोल होते. पोस्ट व रॉजर्स दोघेही जागीच मरण पावले. पोस्ट यांचे मनगटी घड्याळ ८ वाजून १८ मिनिटांवर थांबलेले आढळले.

काठावरून हे दृश्य पाहणारे क्लेअर ओक्पीहा यांनी हाका मारून पाहिल्या. उत्तर न आल्याने ते दलदलीच्या व ओबडधोबड प्रदेशातून अनेक तास धावत बॅरोला पोहोचले. त्यांना दोघांची नावे ठाऊक नव्हती. विमानातील एकाच्या डोळ्यावर पट्टी होती, एवढ्या वर्णनावरून बॅरोतील लोकांनी ओळख पटवली. तेथील लष्करी बिनतारी केंद्रावरून ही वार्ता जगभर गेली. फ्लॅट येथे दोन वर्षांपूर्वी पोस्ट यांच्या मदतीस धावून आलेले जो क्रॉसन हेच दोघांचे मृतदेह विमानाने घेऊन आले.

इंजिन का थांबले, याचे निश्चित कारण चौकशीत सिद्ध होऊ शकले नाही. थंड व दमट हवेमुळे कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचणे किंवा इंधनाचा पुरवठा खंडित होणे अशी कारणे सुचवली गेली आहेत. विमानाचा पुढे झुकणारा तोल मात्र अपघात प्राणघातक ठरण्यास कारणीभूत झाला, याविषयी बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. तोल साधलेल्या विमानाचे इंजिन बंद पडले, तर वैमानिकाला ते तरंगत खाली आणण्याची काही संधी मिळते. पोस्ट यांच्या विमानाने त्यांना ती दिली नाही.

पोस्ट यांचे पार्थिव ओक्लाहोमा राज्याच्या कॅपिटॉल इमारतीत अंत्यदर्शनासाठी ठेवण्यात आले व ओक्लाहोमा सिटी येथे त्यांचे दफन झाले. मृत्युसमयी त्यांचे वय ३६ वर्षे होते.

वारसा व स्मृती

पोस्ट यांच्या पत्नीकडून विनी मे हे विमान अमेरिकन सरकारने विकत घेतले व ते स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. ओक्लाहोमा सिटीतील एका विमानतळास पोस्ट यांचे नाव आहे. बॅरो (आताचे उत्कियागविक) येथील विमानतळास पोस्ट व रॉजर्स या दोघांचेही नाव देण्यात आले. अपघातस्थळी स्मारके उभारली असून त्या जागेची अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदणीत नोंद आहे. इ.स. १९७९ मध्ये अमेरिकेच्या टपाल खात्याने पोस्ट यांच्या स्मरणार्थ हवाई टपालाची तिकिटे प्रकाशित केली.

ऑटोपायलटच्या भरवशावर केलेला दीर्घ प्रवास, अतिउंचीवरील वाऱ्यांचा उपयोग आणि दाबयुक्त पोशाख या पोस्ट यांच्या तिन्ही प्रयोगांचे पुढे नित्य व्यवहारात रूपांतर झाले. आजची प्रवासी विमाने जेट प्रवाहाचा विचार करूनच आपला मार्ग आखतात. अंतराळवीरांच्या पोशाखामागील मूळ कल्पनाही पोस्ट यांच्या तिसऱ्या पोशाखाशी नाते सांगते. रसेल कॉली यांनी पुढे अमेरिकेच्या मर्क्युरी मोहिमेतील अंतराळवीरांच्या पोशाखांवर काम केले.